इंजिन धुतल्यावर गाडी ‘मिसिंग’ करू लागली आणि न बदललेल्या चार कॉइलचे पैसे मी भरले

माझी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची गाडी आता आठ वर्षांची झाली आहे. मागच्या वर्षी तिचे इंजिन पाण्याने धुवून घेतल्यानंतर मी चार इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) आणि ‘ईसीएमची’, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची, ‘दुरुस्ती’ यांचे पैसे मोजले, आणि यांपैकी एकही काम प्रत्यक्षात झालेले नव्हते. हा प्रकार मी तपशिलाने लिहितो आहे, कारण ज्या एका साध्या गोष्टीची माहिती नसल्यामुळे मी फसलो, ती बहुतेक गाडीमालकांना कोणी कधी सांगितलेली नसते.

इंजिन धुण्याचे कारण रास्त होते. व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल पाझरत असल्याची मला शंका होती, आणि धूळ व तेलाचा जाड थर चढलेल्या इंजिनावर गळती नेमकी कुठून होते हे समजत नाही. लांबचा प्रवास संपवून मी थेट वॉशिंग सेंटरवर गेलो. तिथल्या मुलाने बॉनेट उघडले, प्लॅस्टिकचे वरचे झाकण बाजूला ठेवले आणि प्रेशर गनचा झोत जवळून थेट इंजिनाच्या माथ्यावर धरला. तापलेल्या धातूवरून वाफेचा लोट उठला. मी तो पाहिला, मनात चुकचुकलोही, पण हे लोक रोजच हे काम करतात असे समजून गप्प राहिलो.

धुऊन झाल्यावर गाडी सुरू केली तेव्हा स्टीअरिंगपर्यंत थरथर जाणवत होती, पिकअप नव्हता आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. सेंटरचा मालक तत्परतेने पुढे आला आणि म्हणाला, “तुमच्या कॉइल आधीच कमजोर होत्या, पाण्याने फक्त दोष बाहेर काढला.” त्याने लगेच आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावले. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पडद्यावर उमटलेला पी०३०३ हा कोड मला दाखवला आणि तिसरी कॉइल गेली आहे, उरलेल्या तीनही लवकरच जातील, शिवाय ईसीएममध्ये पाणी शिरले आहे, असे ठामपणे सांगितले. यंत्राच्या पडद्यावर उमटलेला कोड पाहिला की आपला विरोध तिथेच संपतो. माझाही संपला.

या कोडचा अर्थ मला नंतर कळला. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही (यालाच ‘मिसिंग’ किंवा मिसफायर म्हणतात), एवढेच. त्याचे कारण कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल किंवा नुसते साचलेले पाणी असेल. ते शोधण्याचे काम हा कोड करत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा ती सुरळीत चालत होती, त्यामुळे संशय यायला जागाच उरली नाही. जुन्या कॉइल मागितल्या तेव्हा त्या भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. बिलावर ‘इलेक्ट्रिकल काम, पार्ट्ससह’ अशी एकच ओळ होती. ती वाचूनही मी पैसे दिले, याची रुखरुख मला आजही आहे.

दोन महिन्यांनी गाडी पुन्हा अधूनमधून झटके देऊ लागली. या वेळी मी एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावून पाहिला, पण पार्ट बदलण्याविषयी एक शब्दही न काढता तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर सोडवला, तिचा बोल्ट काढला आणि कॉइल हळूहळू वर ओढून उजेडात धरली. खालच्या रबरी नळीच्या आतल्या स्प्रिंगवर हिरवट गंज धरला होता. त्यांनी प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्याच्या तळाशी बसतो त्या खोल खळग्यात, हवेचा झोत मारून माती उडवून लावली आणि मगच प्लग खोलला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती. त्या रेघेवरून ठिणगीची वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरच्या धातूत उतरत होती. मग त्यांनी चारही कॉइल उलट्या करून बाकावर मांडल्या. प्रत्येकीच्या प्लॅस्टिकमध्ये निर्मितीचे वर्ष कोरलेले होते, आणि ते माझ्या गाडीचेच वर्ष होते. काका म्हणाले, “साहेब, या गाडीबरोबरच आलेल्या कॉइल आहेत. कोणी बदललेल्या नाहीत.”

म्हणजे पहिल्या मेकॅनिकने पाणी वाळवले होते, आणि पैसे चार कॉइलचे घेतले होते. वाळवणेही त्याने अर्धवटच केले होते.

हे का घडते ते समजले की फसवणुकीचा मार्गच बंद होतो. अनेक पेट्रोल इंजिनांमध्ये स्पार्क प्लग सिलिंडर हेडमधल्या खोल, अरुंद विहिरींच्या तळाशी असतात आणि प्रत्येक विहिरीच्या तोंडावर कॉइल बसवलेली असते. तोंडाशी असलेले रबर शिंतोडे अडवते. प्रेशर वॉशरचा झोत १०० बार किंवा त्याहून अधिक दाबाचा असू शकतो, तो अडवणे त्याच्या आवाक्यात नसते. त्यातच गाडी आठ वर्षांची असेल तर ते रबर कडक झालेले असते. एकदा आत गेलेले पाणी त्याच रबरामुळे सहज बाहेर पडत नाही. ठिणगीसाठी लागणारी २०,००० व्होल्टहून अधिक दाबाची वीज ओल्या पृष्ठभागावरून सोपी वाट शोधते आणि सिलिंडर ‘मिसिंग’ करू लागतो. इंजिन तापलेले असताना गार पाणी मारले तर आणखी एक गोष्ट होते: कनेक्टरमधली गरम हवा एकाएकी आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते.

म्हणून धुतल्यानंतर लगेच सुरू झालेल्या मिसफायरवर पहिला उपाय वाळवण्याचा आहे. इंजिन गार झाल्यावर कॉइल काढाव्यात, विहिरी हवेने कोरड्या कराव्यात, रबरी नळ्या आतूनही पुसाव्यात. प्लग मात्र विहीर कोरडी झाल्याखेरीज खोलू नये, नाहीतर पाणी आणि माती सिलिंडरमध्ये उतरते. एवढे करूनही दोष राहिला, तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवून कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. नवा कोड पी०३०१ आला तर कॉइल खरोखर सदोष आहे. कोड पी०३०३ हाच राहिला तर कॉइल निर्दोष आहे आणि कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिला एकही नवा पार्ट लागत नाही. आपल्यासमोर ही अदलाबदल करण्यास जो मेकॅनिक नकार देतो, त्याच्या हाती गाडी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटवूही नये; न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो जास्त तापून निकामी होऊ शकतो.

मी त्या सेंटरवर परत गेलो होतो. बिलावर कॉइलचा उल्लेखच नाही, याकडे मालकाने शांतपणे बोट दाखवले आणि गाडी दुरुस्त होऊन मिळाली होती ना, असे विचारले. माझ्याकडे उत्तर होते, पुरावा नव्हता. पार्टचे नाव आणि नग बिलावर लिहून घेतले असते, जुने पार्ट काम सुरू होण्याआधीच मागून ठेवले असते, तर बोलणे वेगळे झाले असते.

काकांनी प्लग आणि चार रबरी नळ्या बदलल्या, स्प्रिंग साफ केल्या आणि त्याच जुन्या कॉइल परत बसवल्या. त्यावर गाडी आजतागायत नीट चालते आहे.

इंजिन आता मी स्वतः धुतो. ते हाताला कोमट लागेपर्यंत थांबतो, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवतो आणि अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवेच्या फिल्टरचे तोंड व कॉइलची रांग प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतो. तेलकट भागावर डीग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) लावून मऊ ब्रशने घासतो आणि साध्या नळीच्या संथ धारेने तो खालच्या अंगाला धुऊन काढतो. कॉइलच्या आसपासचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसतो. चकाकीसाठी डिझेल मारत नाही, कारण त्याने कित्येक रबरी भाग फुगतात आणि धूळ दुप्पट चिकटते. शेवटी पिशव्या काढून, बॉनेट उघडे ठेवून सगळे वाळू देतो, टर्मिनल जोडतो आणि गाडी १५ मिनिटे जागेवर चालू ठेवून आवाज ऐकत उभा राहतो. ऑइलची गळतीही अशाच एका धुण्यानंतर सापडली. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट मागच्या कोपऱ्यात चिरलेले होते.