जुन्या लान्सरचं सस्पेन्शन: जपानहून मागवायचं की कोल्हापुरातच करून घ्यायचं?

भारतात १९९८ साली आलेल्या मित्सुबिशी लान्सरचे शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेले की दोन रस्ते दिसतात.

जपानहून केवायबी किंवा टीन (TEIN) या कंपन्यांचे भाग मागवले तर दर्जाची चिंता नाही. पण किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर कस्टम ड्युटी बसते, वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. पुढचे स्ट्रट (पुढच्या चाकांचे शॉकअप) जड, त्यामुळे नुसत्या वाहतुकीतच खिसा रिकामा होतो. शिवाय तिकडचे स्पोर्ट्स सेट बहुधा गाडी खाली बसवतात. पावसाळ्यात गगनबावड्याकडे अशी गाडी न्यायची म्हणजे सायलेन्सर घासणारच! चुकीचा भाग परत पाठवणंही परवडत नाही, तेव्हा चॅसिस नंबर आधी कळवाच.

कोल्हापुरात बुश (सांध्यांमधली रबरं), लिंक रॉड (सस्पेन्शनचे जोडदांडे) यांची कामं होतात. शिरोली एमआयडीसी जवळ असल्याने लेथवर बुशची स्लीव्हही (धातूची नळी) करून मिळते. मात्र तेल गळणारा शॉकअप रिपेअर करून घेऊ नका. आतला व्हॉल्व्ह झिजलेला असेल, तर नुसतं सील बदलून काही साधत नाही.

माझं मत: शॉकअप जपानहून, मूळ उंचीचे आणि जोडीनेच, रबराचं सगळं इथलं. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला मिस्त्रींना सांगा, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं.