रात्रीच्या राईडसाठी सायकलचे दिवे: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून माझ्या सायकलवर पुढे दोन दिवे आहेत. हँडलबारवर कट-ऑफ बीमचा आणि हेल्मेटवर गोल बीमचा छोटा. ऑफिस सुटल्यावर खडकवासला, पानशेत रोड, सासवडहून येताना बोपदेव घाट, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री धरणापलीकडच्या कुडजे-मांडवीकडच्या कच्च्या वाटा, एवढा त्यांचा वापर. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, बघायच्या गोष्टी त्याच राहतात.

लुमेन नंतर बघा, आधी बीमचा आकार बघा. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला रस्त्यावर किती पडतो, हे तो आकडा सांगत नाही. साध्या गोल बीमचा बराचसा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. पानशेत रोड अरुंद, कडेला साइडपट्टी खचलेली, समोरून दुचाकीवर दोघं-तिघं येतायत. त्यांना क्षणभर दिसेनासं झालं तर ते आपल्याच अंगावर येणार. कट-ऑफ बीमला वरून सरळ कड असते, कारच्या लो बीमसारखी. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याला दिपवू नये असा नियमच आहे. तो पाळणाऱ्या दिव्यांवर ‘एसटीव्हीझेडओ’ (StVZO) असा उल्लेख असतो, तो शोधा.

असा दिवा नीट लावणं महत्त्वाचं. पार्किंगमध्ये भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच असेल, तर भिंतीवरची प्रकाशाची वरची कड त्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली यायला हवी. म्हणजे ती कड सुमारे ५० मीटरवर रस्त्याला टेकते. उतारावर ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला ८ मीटरहून जास्त. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच दहा-बारा मीटर गेलेले असतात. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो: १० मीटरवर ४० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) असेल तर २० मीटरवर १०. म्हणून लांबवर एकवटलेला प्रकाश हवा, चाकापुढचा झगमगाट नको.

मातीवर मात्र एकटा कट-ऑफ पुरत नाही. बाभळीची आडवी फांदी नेमकी त्या कडेच्या वर असते, आणि वळणावर हँडल सरळ असेपर्यंत वाटेची पुढची बाजू काळीच राहते. तिथे हेल्मेटवरचा दिवा लागतो, नजर जिथे तिथे उजेड. पण तो एकटाही वापरू नका. प्रकाश डोळ्यांच्या जवळून निघत असल्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि वाट सपाट वाटते. हँडलवरचा दिवा खालून येतो, त्यामुळे प्रत्येक दगडामागे लांब सावली पडते आणि चर किती खोल आहे ते कळतं. डांबरी लागली की हेल्मेटवरचा बंद, ही सवय लावून घ्याच.

धुक्यात आणि भुरभुर पावसातही तो बंदच बरा. थेंबांवरून उजेड सरळ डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

बॅटरीचा हिशोब स्वतः करा. १८६५० या मापाच्या एका चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास ऊर्जा असते. वॅटमागे १०० लुमेन धरले तर १००० लुमेनला १० वॅट लागतात, म्हणजे जेमतेम तासभर. एकच सेल असलेल्या दिव्यावर ‘१००० लुमेन, ४ तास’ लिहिलेलं दिसलं तर तो दिवा घेऊ नका. चढावर वेग कमी, वारा लागत नाही, दिवा तापतो आणि आपोआप मंद होतो. हा बिघाड नाही, चांगल्या दिव्यातही असं होतं. मी चढाला मुद्दाम लो मोडवर ठेवतो आणि उतारासाठी चार्ज राखतो. सेल बदलता येणारा दिवा मिळाला तर चार पैसे जास्त द्या, सेल थकला तरी दिवा टिकतो.

माझ्या हँडलच्या दिव्यातला खरा दोष त्याच्या रबरी पट्ट्यात आहे. कच्च्या रस्त्यावर हादरे बसून दिवा हळूहळू खाली झुकतो आणि उजेड चाकाजवळ येतो. जुन्या ट्यूबचा तुकडा पट्ट्याखाली घातल्यापासून हलत नाही. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकणही दर पावसाळी राईडआधी अंगठ्याने दाबून बघावं लागतं. दिवा पाण्यापासून किती सुरक्षित ते आयपीएक्सचा आकडा सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. आपल्या पावसाला आयपीएक्स ६ घ्या.

मागचा दिवा लोक उरल्यासुरल्या बजेटमध्ये घेतात, त्याचं वाईट वाटतं. मी दोन लावतो. ब्लिंक होणारा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून दुसरा सतत पेटता. रेनकोटचा मागचा घोळ आणि सॅडलबॅग त्यांच्यावर येत नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, जाणार असाल तर दिवे सायकलला पक्के बसवलेले लागतात आणि अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेटही. ते जॅकेट मी आता रोजच्या सिंहगड रोडलाही घालतो.