मॉन्युमेंट व्हॅली की ताबेर्नास?

वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांची भूमी पाहायची, तर माझं मत मॉन्युमेंट व्हॅलीला. अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात दिग्दर्शक जॉन फोर्डनं 'स्टेजकोच' (१९३९) चित्रित केला. सुमारे २७ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यानं जाताना तांबडे सुळके अंगावर येतात. संध्याकाळी त्यांच्या सावल्या लांबू लागल्या की बोलणंच खुंटतं. जमीन नवाहोंची आहे, त्यामुळे वाटाड्याही त्यांच्यातलाच घ्यावा.

स्पेनमधल्या अल्मेरियाजवळचं ताबेर्नास वेगळं. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेनं याच वाळवंटाला पडद्यावर अमेरिका बनवलं. इथं खरी गंमत सेटची: 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी (१९६५) उभारलेलं गाव आज थीम पार्क आहे. मुलं सोबत असतील तर हेच निवडा, लुटुपुटीच्या गोळीबारात ती रमतात. भर उन्हाळा मात्र दोन्हीकडे टाळा.