नंदुरबारच्या जिभेने खाल्लेली बोर्डीची मासळी

डहाणू-बोर्डी रस्त्यावर, चिखल्याच्या पुढे आणि घोलवडच्या अलीकडे मांगेला या मच्छीमार समाजातल्या एका कुटुंबाने घराच्या पडवीत चालवलेली खानावळ आहे. तिला माझे पाचपैकी चार तारे. पाटी नाही. समोर सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडे समुद्र, आणि फाटकावर एका फळ्यावर त्या दिवशी काय मिळेल ते खडूने लिहिलेलं. पाचवा तारा का कापला ते पुढे सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आमचं गाव मिरचीच्या बाजाराचं, त्यामुळे कोणतीही भाजी तर्रीवरून जोखायची सवय. बरोबर हे, मोठ्या जाऊबाई आणि गाडी चालवायला पुतण्या. समुद्राला जायचं म्हटलं की आपल्याकडचे लोक नाशिकच्या बाजूने अलिबाग-दापोलीचा बेत करतात आणि अर्धी सुट्टी रस्त्यातच घालवतात. नंदुरबारकरांनी गुजरातेतूनच जावं. नवापूर, व्यारा, बारडोली करत मुंबई-अहमदाबाद हायवे गाठायचा, वापी मागे टाकायची आणि तलासरीला समुद्राकडे वळायचं. पहाटे चारला निघालो, दहाच्या सुमारास बोर्डीत होतो. गाडी नको असेल तर सुरतेपर्यंत आपली भुसावळ-सुरत तापी लाइन आणि तिथून डहाणूकडची रेल्वे.

पोचलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी लांब जातं आणि समोर नुसती ओली, कडक वाळू उरते. जाऊबाई हिरमुसल्या. खानावळीच्या ताईंनी विचारलं, आज तिथी कोणती? पंचमी. मग त्या म्हणाल्या, "तिथीला तीनने गुणा, चारने भागा. पावणेचारला भरती." पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. आयुष्यभर पोरांकडून त्रैराशिक घोकून घेतलं, पण हे गणित आमच्या पुस्तकात कधी आलं नाही. त्याच हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेला, पंधरा धरून, सव्वाअकरा आणि अष्टमीला सहा. मिनिटं थोडी इकडेतिकडे होतात, पण त्या दिवशी साडेतीनला पाणी खरोखरच बरंच वर आलं होतं. म्हणून निघण्याआधी कालनिर्णय बघून घ्या. सकाळी पाणी हवं की वाळूवर लांब चालायला हवं, ते घरी बसूनच ठरवता येतं.

आता जेवण.

आपल्याकडे समुद्राचा मासा म्हणजे आठवडे बाजारातला सुका बोंबील. तव्यावर भाजायचा, लसूण-मिरचीबरोबर कुटायचा, कळण्याच्या भाकरीबरोबर खायचा. ताजा बोंबील आमच्यापैकी कुणीच कधी हातात धरला नव्हता. ताईंनी ताट पुढे केलं तर पांढरा, लुळा, पाण्याने भरलेला मासा. जाऊबाईंनी बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, "हाऊ तोच बोंबील शे का व माय?" तोच. ताईंनी तो चिरून उघडला, मीठ लावलं आणि फडक्यात ठेवून वर पाटा चढवला. अंगातलं पाणी निघून गेल्याशिवाय तो तव्यावर कुरकुरीत होत नाही, म्हणून एवढा वेळ लागतो. मग हळद, तिखट, तांदळाचं पीठ आणि तवा. बाहेरून कडक, आत दाताला काहीच लागत नाही. मधला काटासुद्धा मऊ. ह्यांना माशाच्या काट्याची भीती, पण पहिला संपायच्या आत त्यांनी दुसरा मागितला.

मांदेली अख्खी तळून आली. ती काट्यासकट चावून खायची, शेवेसारखी.

फळ्यावर पापलेट लिहिलेलं होतं. पुतण्याने तेच हवं म्हणून हट्ट धरला. ताई आत जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, आज आलेलं पिल्लू आहे, देत नाही, तुम्ही कोळंबी घ्या. पापलेटचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नाही म्हणणारा हॉटेलवाला मला तरी भेटला नव्हता. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं, आणि त्यामागची काळजी हीच की पिल्लं वाढायच्या आत जाळ्यात जातात. माझ्या चार ताऱ्यांमधला एक त्या नकाराचा आहे.

कोळंबीचा रस्सा पातळ, पिवळसर, नारळाचा, चिंचेच्या आंबटपणाचा. जाऊबाईंनी वाटी हलवून पाहिली. "तर्री कोठे शे?" तर्री नव्हतीच. मीही दोन घास थोडी नाराज होते. मग तांदळाच्या भाकरीचा तुकडा बुडवला आणि कळलं की काळा मसाला घातला असता तर कोळंबीची गोडी मेली असती. आपला मसाला वांग्याला आणि मटणाला शोभतो. पिशवीतून तिखटाची डबी नेलीत तरी ती गाडीतच ठेवा.

पाचवा तारा भाकरीने घालवला. करणारी एकच बाई, त्यामुळे भाकरी एकेक करून येते आणि तोवर रस्सा गार होतो. चौघांना जेवायला तासाच्या वर गेला. पडवीत पंखा होता, पण तो नुसता खडखडत होता. बोंबील-मांदेलीची थाळी 250 रुपये, कोळंबी वेगळी. हे पैसे मला जड वाटले नाहीत.

दुपारी कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ते माझ्या हट्टाने, बाकीच्यांना झोप आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्या, आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवा, ही त्यांची रीत. अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नोकरी केलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं बकऱ्यांमागे असायची.

उतरताना घोलवडला चिकू घेतले. इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. झाडाखाली विकायला बसलेल्या बाईकडून घेतलेला चिकू हायवेवरच्या टोपलीतल्यापेक्षा गोड निघाला. झाईच्या कोळीवाड्याकडे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. जाऊबाईंनी भाव विचारला, आपल्या बाजाराशी ताडून पाहिला आणि पिशवी भरली.

राहायची जागा ठीक, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जाणार असाल तर जून-जुलै टाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि त्या दिवसांत पापलेट-सुरमई म्हणून जे मिळतं ते बहुतेक बर्फातलं. खानावळीला आदल्या संध्याकाळी फोन करा, रोख पैसे बरोबर ठेवा आणि बाराच्या आत पोचा. दोननंतर फळ्यावरचा बोंबील पुसलेला असतो.