छापील पानापासून ब्रेलपर्यंत: काही महिने सॉफ्टवेअर वापरल्यावर

ब्रेल रूपांतराच्या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मराठी येतं का?" येतं, आणि चांगलं येतं. गोष्टींची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं, परिपत्रकं असं बरंच काही काही महिने यातून काढल्यावर सांगते, युनिकोडमधला (म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच वाचता येणारा) स्वच्छ मजकूर दिलात तर सॉफ्टवेअर क्वचितच चुकतं. सगळी मेहनत त्या 'स्वच्छ'मध्ये आहे. रूपांतर काही सेकंदांत होतं; त्याआधीच्या साफसफाईत दिवस जातात, आणि हे सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी गुण सांगते. बऱ्याच मोफत साधनांच्या पोटात लिबलुई हे मुक्तस्रोत इंजिन असतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ब्रेलसाठी तेच वापरतो. प्रत्येक भाषेचे नियम त्यात साध्या मजकुराच्या तक्त्यात लिहिलेले असतात, आणि मराठीचा तक्ता आहे. मराठीसाठी आपण भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, वापरतो. ती १९५१ मध्ये ठरली. तिचे नियम मोजके आहेत, पण जे आहेत ते काटेकोर. म्हणून कोणतंही नवं साधन हाती आलं की मी आधी 'नऊ', 'पुस्तक', 'किती', 'ज्ञान' हे शब्द टाकून बघते.

ब्रेलची प्रत्येक खूण सहा बिंदूंच्या एका घरात बसते आणि बिंदूंना १ ते ६ असे क्रमांक असतात. 'नऊ' का, तर ब्रेलमध्ये स्वराला आणि त्याच्या मात्रेला एकच खूण असते. न पुढे ऊ नुसता ठेवला तर तो 'नू' होतो. 'नऊ' लिहायचं तर मध्ये अ चा बिंदू १ घालावा लागतो. साधन कच्चं असेल तर इथेच उघडं पडतं. 'पुस्तक'मध्ये हलन्ताची खूण, म्हणजे बिंदू ४, अर्ध्या स च्या आधी आली पाहिजे. 'किती'मधली ऱ्हस्व वेलांटी छपाईत अक्षराच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र क च्या नंतर. 'ज्ञान'मधल्या ज्ञ ला स्वतःचं एकच घर आहे, बिंदू १, ५, ६; तिथे ज आणि ञ वेगवेगळे निघाले तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता मजकुराचं रडगाणं. जुन्या पुस्तकांच्या फाइल बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर छान मराठी दिसतं, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. त्यासाठी फॉन्ट बदलणारं वेगळं साधन लागतं, आणि त्यानंतरही रफार आणि जोडाक्षरं हातानेच तपासावी लागतात. पीडीएफ युनिकोडमधली असली तरी निश्चिंत होऊ नका. कॉपी करताना वेलांटी जागा सोडते आणि 'किती'चं 'िकती' होतं. डोळ्याला ते नीट बघितल्याशिवाय कळतही नाही, ब्रेलमध्ये मात्र शब्दाची सुरुवातच इ ने होते.

फाइलच नसेल तर स्कॅन करून ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर. साध्या, ठळक छपाईवर मराठी ओसीआर आता बरंच भरवशाचं झालंय. पण ते ज्या चुका करतं त्या डोळ्याच्या चुका असतात, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. भ आणि म, घ आणि ध ही अक्षरं छपाईत एकमेकांसारखी दिसतात, म्हणून ओसीआर फसतं. ब्रेलमध्ये भ म्हणजे बिंदू ४, ५ आणि म म्हणजे १, ३, ४. बोटाला त्या दोघांत काहीही साम्य नाही. डोळस वाचक 'माऊ' वाचतो, 'भाऊ' समजतो आणि पुढे जातो. जो लहानपणापासून फक्त ब्रेलच वाचतो त्याला ही दोन अक्षरं सारखी दिसतात हे माहीत असायचं कारणच नाही.

आमच्याकडे प्रूफं वाचणारे सर जन्मांध आहेत. एकदा पान हातात घेऊन म्हणाले, "अहो, इथे 'माऊ शाळेतून आला' असं आहे. मांजर शाळेत काय करत होतं?" हसलो दोघंही. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, "हे वाक्य विनोदी होतं म्हणून सापडलं. बाकीची?" तेव्हापासून ओसीआरचा मजकूर आधी मी मूळ पानाशी ताडून बघते, मग तोच स्क्रीन रीडरकडून ऐकते, आणि शेवटी ब्रेल प्रत सर बोटांनी वाचतात. कानाला पकडता येणाऱ्या चुका डोळ्याच्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात. 'घन' आणि 'धन' ऐकताना लगेच टोचतं.

ऱ चं एक प्रकरण स्वतंत्र सांगायला हवं. 'आचाऱ्यांना' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: थेट ऱ वापरून, किंवा साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मजकूर इकडून तिकडे नेताना ती जोडखूण गळली की शब्द 'आचार्यांना' होतो, आणि स्वयंपाकघरातली सूचना थेट गुरुजींच्या हाती पडते. रूपांतराआधी मी शोधा-बदला वापरून सगळीकडे ऱ करून घेते.

दुसरी नेहमीची डोकेदुखी म्हणजे ओळी. ओसीआर प्रत्येक छापील ओळीनंतर एंटर देऊन ठेवतं. ब्रेलच्या पानावर साधारणपणे ४० घरांच्या २५ ओळी बसतात. छापील ओळ ५५ अक्षरांची असेल तर एक भरलेली ओळ आणि तिच्याखाली लोंबणारा तुकडा, असं पुस्तकभर चालतं. आधीच छापील एका पानाची ब्रेलची दोन-तीन पानं होतात, त्यात ही उधळपट्टी. परिच्छेदाच्या मधले एंटर काढा आणि मगच रूपांतर करा. कविता असेल तर उलट, तिथे एंटर जपायचे: नवी ओळ पहिल्या घरापासून, उरलेला भाग खाली तिसऱ्या घरापासून.

मराठीत मध्येच इंग्रजी शब्द आले की गंमत होते. भारती ब्रेलमध्ये आवाजाला आवाज जुळवून खुणा घेतल्यात, त्यामुळे इंग्रजी 'पेन' आणि मराठी 'पेन' बिंदूबिंदूला सारखेच. पण इंग्रजी 'कॅट' मराठीच्या नजरेने वाचला तर 'चअत'. इंग्रजी उताऱ्याला वेगळी शैली लावून तिथे इंग्रजी तक्ता लागू करायची सोय आहे का, हे घेण्याआधी तपासा. माझ्या एका साधनात नव्हती. असे उतारे मी वेगळे रूपांतरित करून मागाहून चिकटवत असे.

गणिताला नेमेथसारखी गणिती ब्रेलची वेगळी पद्धत लागते आणि समीकरणं मजकूर म्हणून दिली तर भलतंच काहीतरी निघतं. आकृत्यांचं तर नावच नको. पुस्तकातले रकान्यांचे मोठे तक्ते मी अजूनही सरळ वाक्यांत उलगडून लिहिते. सरांच्या मते वाचायलाही तेच सोपं.

छपाईबद्दल थोडंच. एम्बॉसर, म्हणजे कागदावर बिंदू उठवणारं ब्रेलचं छपाईयंत्र, भयंकर आवाज करतो, त्याला वेगळी खोली द्या. कागद जाड हवा, नाहीतर बिंदू लवकर दबतात. आणि फाइलमधली ओळींची संख्या व यंत्रातली संख्या एकच ठेवा, नाहीतर पानांचा मेळच राहत नाही. छापील पुस्तकाचा पान क्रमांक ब्रेलमध्येही ठेवाच. वर्गात बाईंनी "पान ४२ काढा" म्हटलं की मुलाला ते काढता आलं पाहिजे.

तयार होणारी बीआरएफ फाइल, म्हणजे ब्रेलच्या खुणा इंग्रजी अक्षरं-चिन्हांत साठवणारी फाइल, नोटपॅडमध्ये उघडून घाबरू नका. 'पुस्तक' तिथे पी, यू, ॲट, एस, टी, के असा दिसतो. तो ॲट म्हणजे आपला हलन्त. काही दिवसांनी हे सरळ वाचता येतं आणि छोट्या चुका छपाईआधीच सापडतात. त्या मात्र तिथे दुरुस्त करू नका. दुरुस्ती मूळ युनिकोड फाइलमध्ये करा आणि तीच जपून ठेवा. उद्या कुणी २० घरांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी (बिंदू वर-खाली करून ब्रेल दाखवणाऱ्या उपकरणासाठी) तेच पुस्तक मागितलं तर त्या फाइलवरून ते लगेच काढता येतं.