हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी डिजिटल वजनकाटा: काही महिने वापरल्यानंतर

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलू शकत नाही आणि अंगात पाणी साठतं. ते वजनात दिसतं, म्हणून रोज वजन. त्यासाठी काचेचा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा काटा घरच्या शुश्रूषेत रोज वापरला. काम चोख करतो, पण एक खोड आधी ओळखायला हवी.

ती खोड म्हणजे मेमरी. मागच्या वजनापेक्षा फरक थोडाच असेल तर काही काटे नवं वजन न दाखवता जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. एरवी चालून जातं. इथे मात्र रोज थोडंथोडं साठणारं पाणी दडून राहतं आणि मग एकदम उडी दिसते. तपासायला आधी रिकाम्या हाताने उभं राहायचं, मग २०० मिली पाणी भरलेली बाटली धरून. आकडा हलला नाही तर मेमरी चालू आहे. अशा काट्यावर रोज आधी एखादी जड पिशवी घेऊन उभं राहायचं, उतरायचं आणि मगच खरं वजन करायचं.

जागा कडक फरशीची हवी. सतरंजीवर किंवा उंचसखल लादीवर चारही पायांवर भार नीट पडत नाही आणि आकडा भरकटतो. काच ओल्या पायांना निसरडी. भिंतीजवळ ठेवा आणि सोबत कुणीतरी उभं असू द्या, कारण पाणी काढणाऱ्या गोळीमुळे उठताना बीपी उतरून चक्कर येऊ शकते.

वजन सकाळी, लघवीनंतर, चहानाश्त्याआधी, सारख्याच कपड्यांत. लगेच वहीत लिहायचं. आठवणीवर विसंबून उपयोग नाही. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. नुसती वाढच पाहू नका. वजन भराभर उतरतंय, लघवी कमी आणि चक्कर असेल तर पाणी जास्त निघून गेलेलं असू शकतं. गोळीचा डोस मात्र स्वतः बदलायचा नाही. वाढीचं कारण शोधताना मीठ सगळे आठवतात, दुखण्यावरची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक क्वचितच. त्यांनीही पाणी साठतं.

चरबी, स्नायू मोजणारा काटा मुद्दाम टाळला. तो शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडतो, म्हणून पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांसाठी उत्पादक तो चालवू नका असंच सांगतात. शिवाय सूज असताना त्याचे आकडे निरर्थक.

आजार पुढच्या टप्प्यावर गेला की काट्याची मर्यादा दिसते. अंगावरचं मांस झडतं, त्याच वेळी पाणी वाढतं आणि वजन जिथल्या तिथे. म्हणून वजनाशेजारी आणखी दोन नोंदी: नडगीवर अंगठा काही सेकंद दाबल्यावर खळगा राहतो का आणि धाप न लागता झोपायला किती उश्या लागतात. कालपर्यंत २ आणि आज ३ लागत असतील, तर वजन स्थिर असलं तरी कळवायचं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला काट्यावर उभं करण्याचा अट्टाहास नको. त्याची सूज पायांपेक्षा माकडहाडाजवळ उतरते. कूस बदलताना तिथेच दाबून पाहायचं, आणि त्वचा लाल झाली आहे का तेही.