ओपिनेल की हिगोनोकामी: लॉकचा चाकू घ्यावा की बिनलॉकचा?

खिशात मावणारा, पण नेहमीच्या स्विस चाकूपेक्षा वेगळा घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की शोध बहुधा दोन नावांशी येऊन थांबतो. एक फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल, १८९० पासून चालत आलेला, लाकडी मुठीचा. दुसरा जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी, पितळी पत्र्याच्या मुठीचा आणि जवळपास तितकाच जुना. दोघांतला खरा फरक लाकूड-पितळेचा नाही, लॉकचा आहे. ओपिनेलच्या गळ्यात फिरणारं कडं आहे, ते पातं उघडं असताना जाम करतं. हिगोनोकामीत लॉक नाही, स्प्रिंगही नाही. पात्याच्या बुडाशी मागे निघालेली छोटी जीभ आपण अंगठ्याने दाबून धरायची, एवढाच बंदोबस्त. बोटाच्या दृष्टीने कडं बरं. कायद्याच्या दृष्टीने मात्र कित्येक देशांत हेच कडं नडतं.

आधी भारतातलं बघू. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. ओपिनेलच्या लोकप्रिय ८ नंबरचं पातं ८.५ सेंमी, मोठ्या हिगोनोकामीचं साधारण ७.५ सेंमी. म्हणजे दोन्ही मर्यादेच्या निम्म्याहूनही लहान. घरात ठेवायला, सॅकमध्ये टाकायला परवाना लागत नाही.

तरीही दोन ठिकाणी जपावं लागतं. पहिलं दिल्ली. शस्त्र कायद्याच्या कलम ४ खाली तिथे १९८० ची अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, गरारीदार (दातेरी चक्राचे), बटनदार आणि इतर यांत्रिक साधनाने उघडणारे-मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद आहे, ते विनापरवाना बाळगता येत नाहीत. रामपुरीसारखे खटक्याचे चाकू नजरेसमोर ठेवून लिहिलेली ही भाषा आहे. ओपिनेलचं कडं पातं उघडत नाही, नुसतं अडवतं, त्यामुळे तो या व्याख्येत बसत नाही असा युक्तिवाद करता येतो. पण तो युक्तिवाद चौकीत उभं राहून करावा लागणार, आणि ८ नंबरची लांबी तर मर्यादेच्या वर आहेच. दिल्लीला नेणं-आणणं असेल तर ६ नंबर घ्या. त्याचं पातं ७ सेंमीच्या आसपास आहे, म्हणजे व्याख्येची चर्चाच उरत नाही. हिगोनोकामीला कसलीच कळ नाही, शिवाय मोठा आकारही ७.६२ च्या आत राहतो. तरी घेताना स्केल लावून बघा, कारण हातकामाच्या चाकूंत दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

दुसरं ठिकाण म्हणजे आपलंच राज्य. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. सणासुदीला, निवडणुकीत, तणावाच्या दिवसांत हे नेहमीचं.  या कलमात पात्याची लांबी मोजत नाहीत. काठी, लाठी, चाकू सगळं एका ओळीत येतं, आणि मोडलं तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ट्रेकला निघताना सॅकच्या तळाशी, डब्याच्या पिशवीत गुंडाळलेला चाकू आणि मिरवणुकीत पँटच्या खिशातला चाकू, दोन्ही वस्तू एकच असल्या तरी त्यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते. विमानात केबिनमध्ये दोन्ही चालत नाहीत. चेक-इन सामानात टाका.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि तिथेच कडं आडवं येतं. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ प्रमाणे सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय फक्त घडीचा खिशातला चाकू चालतो, तोही धारेची कड ३ इंचांपर्यंत असेल तर. १९९० च्या दशकात तिथल्या न्यायालयांनी स्पष्ट केलं की पातं लॉक होत असेल तर तो ‘घडीचा खिशातला चाकू’ ठरतच नाही, मग लांबी कितीही असो. त्यामुळे लीड्स-लेस्टरमध्ये शिकणाऱ्या मुलाने सफरचंद कापायला ६ नंबरचा ओपिनेल खिशात टाकला, तरी तो अडचणीत येऊ शकतो. हिगोनोकामी मात्र चालतो. ओपिनेलच हवा असेल तर २ ते ५ नंबर बघा. त्यांना कडंच नसतं, आणि ५ नंबरचं ६ सेंमीचं पातं फळांना पुरतं.

जर्मनीत बरोबर उलट पद्धत आहे. एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू तिथे सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. ओपिनेलचं पातं नखाने खाचेत धरून, दोन्ही हातांनी उघडावं लागतं, म्हणून तो या बंदीत येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून उत्सवांची ठिकाणं आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांत चाकूंवर जास्त कडक बंदी आली आहे. तिथे लॉक असो वा नसो, चाकू हाताशी ठेवू नका.

हिगोनोकामीच्या मायदेशातली गोष्ट जरा गमतीची आहे. जपानमध्ये ६ सेंमीपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, कमाल शिक्षा २ वर्षं कैद किंवा ३ लाख येन दंड. लॉक नसलेल्या घडीच्या चाकूला ८ सेंमीपर्यंत सूट आहे, पण पातं १.५ सेंमीपेक्षा रुंद नको आणि २.५ मिमीपेक्षा जाड नको. मोठ्या हिगोनोकामीचं पातं बऱ्याचदा ३ मिमीच्या आसपास जाड असतं. म्हणजे लंडनमध्ये जो चाकू निर्धास्त फिरतो, तोच टोकियोत जाडीपायी अडकू शकतो. तिथे राहत असाल तर ६ सेंमीच्या आतला लहान आकार घ्या आणि कारण सांगता येईल तेव्हाच बरोबर ठेवा. एकेकाळी तिथली शाळकरी मुलं याच चाकूने पेन्सिली तासायची. १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत हत्या झाली, मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम सुरू झाली आणि धंदा बसला. आज हे नाव अधिकृतपणे लावणारा एकच कारखाना मिकीत उरला आहे.

आता टिकाऊपणा. आपल्या हवेत ओपिनेलचं दुखणं पात्यात नाही, लाकडात आहे. मूठ बीच लाकडाची, आणि हे लाकूड पाणी पितं. कोकणात आषाढ लागला की खाचेच्या आतल्या भिंती फुगतात, पात्याला दोन्हीकडून आवळतात आणि नखाने ओढून चाकू उघडेनासा होतो. तेव्हा जोर करू नका, नख तुटतं किंवा हात सटकतो. कडं उघड्या जागी आणून मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलावर जरा जोराने आपटा, पातं थोडं बाहेर येतं. साव्हुआतले लोक हेच करतात.

कायमचा इलाज मात्र उन्हाळ्यात करायचा. सर्क्लिप प्लायरने, म्हणजे कडी फाकवणाऱ्या पकडीने, फिरतं कडं काढा. चाकू तीन-चार दिवस कोरड्या जागी राहू द्या, गॅसजवळ नको, लाकूड तडकतं. पातळ पट्टीला १५० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही बाजू हलक्या घासा, पातं सैल फिरेपर्यंतच. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, वीस मिनिटांनी पुसा, पूर्ण वाळू द्या आणि असं तीन वेळा करा. पात्याच्या खिळीला हे तेल लागू देऊ नका, वाळून चिकट होतं. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

कडंही झिजतं, पण सावकाश. सैल पडलं तर काढून पकडीने किंचित आवळायचं आणि परत बसवायचं. वाळूचा कण अडकून कडं घट्ट झालं असेल तर ब्रश आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. चाकूचे भाग मोजून पाच, त्यामुळे बिघडायला फार काही नाहीच.

हिगोनोकामीत फुगायला लाकूड नाही. पितळ काळवंडतं, चिंचेने किंवा पितांबरीने लखलखीत होतं. याचं दुखणं खिळीत आहे. पातं जागच्या जागी राहतं ते फक्त घर्षणाने, त्यामुळे खिळ सैल झाली की चाकू निकामी झालाच म्हणा. मिटलेला असतानाही जीभ बाहेरच असते. खिशात किल्ल्यांनी ती दाबली गेली तर सैल पातं उघडू शकतं. परीक्षा सोपी आहे: चाकू उघडून पातं खाली धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. पातं हललं तर खिळ लोखंडी ठोकळ्यावर टेकवून लहान हातोडीने दोन-तीन टिचक्या मारा, प्रत्येक टिचकीनंतर उघडून-मिटून बघा. जास्त आवळली गेली तर तेलाचा थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा उघडमीट करा.

धारेत हिगोनोकामी सरस. ‘निळा कागद’ नावाच्या जपानी पोलादाचा, म्हणजे आओगामीचा, गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड अशी त्याची रचना असते. गाभा कडक असल्याने धार फार दिवस टिकते, पण नारळाच्या करवंटीवर किंवा हाडावर पिळलात तर कडेचे टवके उडतात. ओपिनेलचं पातं पातळ, काकडी-कैरी सहज चिरतं, आणि धार गेली तरी दगडावर चटकन परत येते. धार लावताना हिगोनोकामीचा उतार पूर्ण दगडावर टेकवा, १००० नंबरचा दगड पुरे. ओपिनेलला दर बाजूला १५ ते २० अंश.

गंजाच्या बाबतीत ओपिनेल जिंकतो, पण ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेलं घेतलंत तरच. कार्बनचा ओपिनेल आणि नेहमीचा हिगोनोकामी दोन्ही कांदा, लिंबू, कोकम यांनी काळे पडतात. करडा-निळसर थर चांगला, लालसर ठिपके वाईट. कापून झालं की लगेच पुसा आणि औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन लावा. खोबरेलही चालतं, पण थंडीत गोठून खाचेत बसतं.

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक, डब्यातली फळं, मुलंबाळं बरोबर, असं असेल तर इनॉक्सचा ओपिनेल घ्या, ६ किंवा ८ नंबर. खुपसायचं, भोक पाडायचं काम असेल तरी तोच, कारण पात्याच्या पाठीवर दाब आला की बिनलॉकचा चाकू बोटांवर मिटतो. ब्रिटनमध्ये राहणार असाल, किंवा मुख्य काम पेन्सिल, बांबू, कोरीवकाम असेल, तर हिगोनोकामी. खटक्याचे आणि बटरफ्लाय चाकू या यादीत धरूच नका. ब्रिटनमध्ये २०२१ पासून असे चाकू घरात ठेवणंही गुन्हा आहे, आणि दिल्लीचं वर आलंच आहे.